चोख सोनं देऊन जुनी गिनी घ्यावी का?

(महासंघाच्या मासिक सभेत आपल्या एका बँक सखीताईंनी केलेलं हे भाषण. ताई सोनाराच्या घरातल्या सूनबाई आहेत. बोलल्या तसंच शक्यतो ठेवलं आहे. – संपादक मंडळ)



आज मला खरं तर कर्जफेडीच्या नोंदींवर बोलायचं होतं. पण अध्यक्षताई म्हणाल्या, नोंदी पुढच्या वेळी, आधी त्या गिनीचं सांगा. कारण दिवाळीपासून तीन गावांच्या बैठकांत तोच एक प्रश्न आला. कुणीतरी ओळखीतून येतो, बोलायला गोड, चहा घेतो, मुलांची चौकशी करतो. मग म्हणतो, "ताई, तुमच्याकडं ते पाकिटातलं दहा ग्रॅमचं नाणं आहे ना? ते काय, आज काढलं, उद्या कुणीही काढील. त्याच्या बदल्यात ही घ्या, राजाच्या छापाची शंभर वर्षांची गिनी. सोनं ते सोनं, वर जुनेपणाची किंमत. पोरीच्या लग्नापर्यंत दुप्पट होईल."

ऐकायला काय वाईट आहे? काहीच नाही. आणि तो माणूस प्रत्येक वेळी लबाड असेल असंही मी म्हणणार नाही. गिनी खरी असू शकते. पण ते पाकिटातलं नाणं आपल्यातल्या बऱ्याच जणींनी कसं केलंय ते मला माहीत आहे. दुधाचे पैसे, दोन शेळ्या, गटाची बचत वाटप झाली ती. कुणाचं ग्रॅमग्रॅमनं पाडव्या-दसऱ्याला घेतलेलं वेढणं आहे. नवऱ्याच्या नावची जमीन, सासऱ्याच्या नावचं घर, आणि हे एवढंच काय ते आपल्या नावचं. म्हणून जरा बसून हिशेब करू.

आधी एक गोष्ट पक्की डोक्यात घ्या. सोन्याच्या जुन्या नाण्याला दोन किमती असतात. एक सोन्याची आणि एक शौकाची. सोन्याची किंमत तालुक्याचा कुठलाही सराफ देतो, आज देतो, रात्री दवाखान्यात पैसे लागले तर सकाळी देतो. शौकाची किंमत फक्त शौकीन देतो. म्हणजे ज्याला नाणी गोळा करायचा नाद आहे तो. आणि तो आपल्या आठवडी बाजारात बसलेला नसतो. त्याला शोधावं लागतं, त्याला आपलं नाणं पसंत पडावं लागतं, आणि त्याच्याकडं त्या दिवशी पैसे असावे लागतात. अदलाबदल करणारा माणूस आपल्याकडून घेतो ती पहिल्या किमतीची वस्तू, आणि देतो ती दुसऱ्या किमतीच्या भरवशावर.

आता वजन. ज्याला आपण गिनी म्हणतो ते इंग्लंडच्या टांकसाळीचं नाणं. त्यांच्याकडं त्याला सॉव्हरिन म्हणतात. खरी गिनी नावाचं नाणं त्याच्याही आधीचं, ते केव्हाच बंद पडलं, पण आपल्याकडं नाव तेच राहिलं. १८१७ सालापासून हे नाणं एकाच वजनाचं निघतंय. ७.९८ ग्रॅम, २२ कॅरेट. म्हणजे त्यातलं चोख सोनं किती? ७.३२ ग्रॅम. बाकीचं तांबं वगैरे, घट्टपणा यावा म्हणून. आणि तुमच्या पाकिटातल्या दहा ग्रॅमच्या नाण्यावर ९९९ लिहिलेलं असतं, म्हणजे ९.९९ ग्रॅम चोख. एकाला एक अशी अदलाबदल केली तर २.६७ ग्रॅम चोख सोनं त्याच क्षणी हातातून गेलं. हिशेबाला सोपं जावं म्हणून ग्रॅमला दहा हजार धरू. २६ हजार ७०० रुपये! आजचा खरा भाव काय असेल तो तुम्ही घाला. ही रक्कम म्हणजे आपण त्या राजाच्या तोंडाची दिलेली किंमत. ती भरून निघायची तर कुणीतरी शौकिनानं त्या गिनीला तिच्या सोन्याच्या किमतीपेक्षा छत्तीस टक्क्यांनी जास्त मोजले पाहिजेत. तेव्हा कुठं आपण होतो तिथं परत येऊ. दुप्पट तर लांबच.

मग शौकीन कशाला जास्त पैसे देतो? इथं सगळ्यांचा एक समज आहे, की जुनं म्हणजे महाग. तसं नसतं हो. माझ्या सासूबाईंचा पाटा सत्तर वर्षांचा आहे, कुणी विचारत नाही. जुनेपणाला किंमत नाही, दुर्मीळपणाला आहे. पंचम जॉर्ज राजाच्या, म्हणजे त्या दाढीवाल्याच्या गिन्या इंग्लंडात, ऑस्ट्रेलियात, कॅनडात, आफ्रिकेत मिळून कोट्यवधी पाडल्या गेल्या. शंभर वर्षांच्या आहेत, पण जगात ढिगानं आहेत. त्यातली साधी गिनी सोन्याच्या भावाच्या आसपासच विकली जाते.

एक मात्र आपल्याकडची आहे. १९१८ साली, पहिलं महायुद्ध चालू असताना, मुंबईच्या टांकसाळीत ही नाणी पाडली. फक्त त्या एका वर्षी, जवळजवळ १३ लाख. त्याच वर्षी तिथंच पंधरा रुपयांची सोन्याची मोहरही पाडली, अगदी त्याच वजनाची आणि त्याच कसाची. मुंबईची गिनी ओळखायची खूण अशी की मागच्या बाजूला घोडेस्वार आहे, त्याच्या खाली जमिनीची जी रेघ आहे तिच्यावर, सालाच्या वरती, इंग्रजी 'आय' हे बारीक अक्षर असतं. भिंग लागतं बघायला. अदलाबदलीवाला हे अक्षर दाखवून म्हणतो, बघा, मुंबईची, दुर्मीळ. तेरा लाख म्हणजे काही दुर्मीळ नव्हे. आणि हेही ऐकून ठेवा, २०१३ पासून हरियाणातल्या कारखान्यात इंग्लंडच्या परवान्यानं नव्या गिन्या निघाल्या, त्यांच्यावरही हेच 'आय' अक्षर आहे. म्हणून नुसतं अक्षर बघू नका. साल बघा आणि तोंड बघा. दाढीवाला राजा आहे की राणी, ते तर आपल्याला भिंगाशिवाय कळतं.

दुसरी गोष्ट म्हणजे नाण्याची तब्येत. ज्या नाण्यावर राजाच्या दाढीचा केस न् केस दिसतो त्याला एक भाव, आणि झिजून गुळगुळीत झालेल्याला दुसरा. आणि तिसरी, जी आपल्या घराघरांत घडलेली आहे. आपण नाणं डबीत ठेवत नाही. आपण ते गळ्यात घालतो. त्याला कडी डागलेली असते, नाहीतर भोक पाडलेलं असतं. एकदा डाग लागला की शौकिनाच्या लेखी त्या नाण्याची किंमत जवळजवळ संपली. मग उरतं ते सोनं. कुणी कडी कापून, घासून, चकचकीत करून "जुनी गिनी" म्हणून देतो. कडेला बोट फिरवा, खडबड लागते, नाहीतर तिथली किनारीची दातरी गुळगुळीत झालेली दिसते. अति चकचकीत दिसणारं जुनं नाणं बघितलं की माझे सासरे म्हणायचे, म्हातारीनं पावडर लावलीय, लग्नाला निघाली असंल.

आता माझ्या मनातली गोष्ट सांगते. मला अदलाबदल करून घेणाऱ्या गिनीपेक्षा आपल्या घरात आधीपासून असलेल्या पुतळ्यांची काळजी जास्त वाटते.

पुतळ्यांची माळ आपल्याकडं पुष्कळ घरांत आहे, आजीची, पणजीची. ही पुतळी आली कुठून, माहीत आहे? इटलीत व्हेनिस म्हणून शहर आहे, पाण्यातलं. त्यांचं सोन्याचं नाणं होतं, डुकाट. १२८४ साली ते सुरू झालं आणि १७९७ पर्यंत पाचशे वर्षं जवळजवळ त्याच छापाचं, त्याच कसाचं निघत राहिलं. साडेतीन ग्रॅमचं, आणि सोनं जवळजवळ चोख. तिकडच्या व्यापाऱ्यांना आपल्याकडची मिरी, मसाले, कापड पाहिजे असायचं, आणि त्याच्या बदल्यात हे सोनं समुद्रावरून इकडं यायचं. त्याच्या एका बाजूला त्यांचा संत उभा आहे आणि त्याच्यासमोर त्यांचा राज्यकर्ता गुडघे टेकून बसलाय, मध्ये निशाणाची काठी. आपल्या लोकांनी त्या दोन मूर्ती बघितल्या, म्हणाले पुतळ्या आहेत, आणि गळ्यात घातल्या. दुसऱ्या बाजूला चांदण्यांच्या लांबट गोलात उभी एक आकृती असते, तो येशू. कुठला कोण, पण आपल्या बायकांच्या मंगळागौरीला इतकी वर्षं हजर आहे!

घाईनं पेटी उघडू नका. आज आपल्याकडच्या बहुतेक पुतळ्या ही नाणी नाहीतच. सोनारानं पातळ पत्र्यावर ठसा मारून केलेल्या आहेत, कुठं आत लाखही भरलेली असते. आमच्या घरच्या माळेत चोवीस पुतळ्या आहेत. त्यांतल्या बावीस ठशाच्या, एका मापाच्या, हलक्या. दोन वेगळ्या आहेत. जाड, जरा वेड्यावाकड्या, कडेनं रोमन अक्षरं, आणि काट्यावर दोन्ही साडेतीन ग्रॅमच्या आत-बाहेर. दोघींनाही कड्या आहेत, म्हणजे लिलावात फार काही येणार नाही हे मला कळतं. तरी माझी जाऊ म्हणते मोडून पोरांच्या नावे बिस्कीट करू, आणि मी म्हणते बावीस मोड, या दोन राहू दे. आमचा वाद अजून मिटलेला नाही.

पण ज्या घरात अशा नाण्याला कडी नाही, भोक नाही, म्हणजे कुणी देवघरात तसंच ठेवलंय, तिथं सराफाच्या वजनकाट्यावर टाकून मोडू नका. मोडलं की ते वितळणार, आणि वितळलेल्याची शौकाची किंमत देव आला तरी परत येत नाही. तिथं उलटा तोटा होतो. आपण दोन किमतींची वस्तू एका किमतीला देऊन येतो. आधी दोन्ही बाजूंचा स्वच्छ फोटो काढा, वजन दुधाच्या काट्यावर नको, सोनाराच्या काट्यावर करा. रिठा, चिंच, राख, काही लावू नका. घासलेलं नाणं जाणकार लगेच ओळखतो आणि भाव पाडतो. कसोटीच्या दगडावरही घासू देऊ नका. पुण्या-मुंबईत नाण्यांची प्रदर्शनं भरतात, लिलाव करणाऱ्या पेढ्या आहेत. शंभर वर्षांवरच्या नाण्याचा धंदा करायला पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो, १९७२ चा कायदा आहे. तो परवाना दाखवा म्हणायला लाजू नका. लिलाववाले दलाली कापतात, ती किती हे आधी कागदावर घ्या. आणि ज्यांच्या लेकी दुबईला-अमेरिकेला आहेत त्यांना सांगते, असं शंभर वर्षांपुढचं नाणं भेट म्हणून बरोबर द्यायचं नाही. त्याच कायद्यानं ते देशाबाहेर न्यायला बंदी आहे.

शिवाजी महाराजांच्या होनाचंही विचारलं होतं कुणीतरी. होन खरा असतो. राज्याभिषेकाच्या वेळचा, १६७४ चा, एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपती'. वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. पण तो इतका दुर्मीळ आहे की मोटारसायकलवरून दारात येत नाही. गडाच्या पायथ्याला, जत्रेत मुलामा दिलेल्या प्रतिकृती मिळतात, त्या देव्हाऱ्यात ठेवायला चांगल्या.

आता हे "बिस्कीट सोडा, जुनं नाणं घ्या" प्रकरण मुळात कुठलं, तेही सांगते. हे बोलणं अमेरिकेत फार जुनं आहे. तिथं १९३३ साली मंदी होती, बँका बुडत होत्या. ५ एप्रिलला त्यांचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी हुकूम काढला, की लोकांनी आपल्याकडची सोन्याची नाणी आणि लगडी १ मेपर्यंत बँकेत जमा कराव्यात. औंसाला २० डॉलर ६७ सेंट मिळाले. पुढच्या जानेवारीत सरकारनं सोन्याचा भाव केला ३५ डॉलर. म्हणजे लोकांकडून आधी घेतलं आणि मग भाव वाढवला. पण त्या हुकमात एक सूट होती. संग्राहकांच्या दुर्मीळ नाण्यांना हात लावला नव्हता. ती बंदी १९७४ च्या शेवटी उठली. आणि तेव्हापासून तिथले विक्रेते सांगत आले, की सरकार पुन्हा सोनं नेईल, नेताना लगडी नेईल, जुनी नाणी नेणार नाही, म्हणून लगडी आम्हाला द्या आणि ही वीस डॉलरची जुनी नाणी घ्या. नाणी खरीच असत. पण सोन्याच्या किमतीवर जो जादा भाव लावत, त्यात विक्रेत्याचं घर चालतं.

आपल्याकडंही भीतीला कारण नव्हतं असं नाही. माईंना आठवत असेल. १९६३ साली सुवर्ण नियंत्रण आलं, १४ कॅरेटच्या वर दागिना घडवायला बंदी, सोनारांच्या भट्ट्या थंड पडल्या. आमच्या घरी तेव्हा सासऱ्यांनी शिलाई मशीन घेतलं होतं. १९६८ ला कायदा झाला, आपल्यासारख्यांनी घरात बिस्कीट, लगड ठेवणं गुन्हा झाला. दागिने चालत. तो कायदा १९९० साली रद्द झाला. म्हणून आजही एखादी आजी म्हणते, बिस्कीट नको गं, सरकार नेतं. त्या आजीच्या भीतीवर आज कुणी गिनी विकत असेल तर त्याला हा १९९० चा आकडा सांगा.

जमिनीत सापडलेल्या नाण्यांचा विषय दोन वाक्यांत संपवते. "विहीर खणताना हंडा सापडला, मुकादमाला कळायच्या आत द्यायचाय" असं म्हणून एक नाणं तपासायला देतात, ते खरं निघतं, आणि मग पैसे किंवा दागिने घेऊन जी पिशवी देतात ती पितळेची. आणि समजा खरंच सापडलं, तरी १८७८ पासूनचा कायदा आहे, दहा रुपयांच्या वरचं गुप्तधन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं, त्यामुळं असा सौदा करणारा एक तर फसवतोय नाहीतर आपल्यालाही गुन्ह्यात ओढतोय. मोबाईलवर जुन्या नोटेला लाख देतो म्हणणारेही त्याच माळेचे मणी. रिझर्व्ह बँकेच्या नावानं असे निरोप फिरतात, आणि रिझर्व्ह बँकेनं २०२१ साली जाहीर सांगितलंय, आमचा असल्या व्यवहारांशी काही संबंध नाही.

(सभेतून प्रश्न : मग गिनी कधीच घ्यायची नाही का?)

घ्या की. मला स्वतःला गिनी आवडते. वाजवली तर काय गोड वाजते! पण चोख सोन्याला चोख सोनं असा हिशेब लावा. तुमचे दहा ग्रॅम चोख असतील तर त्याला एक गिनी आणि वर २.६७ ग्रॅमचे रोख पैसे. थोडं उन्नीस-बीस चालेल. आणि आधी काटा. ७.९८ च्या जागी साडेसात भरली तर ती झिजली किंवा खोटी. रुंदी साधारण २२ मिलिमीटर असते, तीही मोजा. पितळ त्याच मापाचं केलं तर वजनाला कमी भरतं, जड करायला जाड करावं लागतं, म्हणून माप आणि वजन दोन्ही जुळवणं ठगाला अवघड जातं. त्यातूनही शंका राहिली तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या हॉलमार्किंग केंद्रात जा. साध्या गिऱ्हाइकालाही तपासून मिळतं, चार नगांपर्यंत दोनशे रुपये आणि वर कर. घेणाऱ्याला म्हणा, केंद्रात चला, तिथं अदलाबदल करू. जो येत नाही त्याच्याशी पुढं बोलायचं कारण उरत नाही.

(प्रश्न : गिनीवर बँकेत सोनेतारण जास्त मिळतं का?)

नाही ताई. उलटच आहे. तारण ठेवताना बँक फक्त आतल्या सोन्याची किंमत धरते. खडे धरत नाही, घडणावळ धरत नाही, राजाचं तोंडही धरत नाही. बिस्किटावर, लगडीवर तर कर्जच देत नाहीत. नाण्यांना नियम आणि वजनाची मर्यादा आहे, आणि बऱ्याच शाखा दागिनाच मागतात. म्हणून ज्यांना पेरणीला दरवर्षी सोनेतारण करावं लागतं त्यांनी सोनं कशात ठेवायचं हे आधी आपल्या शाखेत विचारून ठरवावं. अजून एक, बँक नाणं विकते पण परत विकत घेत नाही, हे लक्षात असू द्या. मोडायचं तर सराफाकडंच. पाकीट न फोडता, पावतीसकट न्या, म्हणजे कसाचा वाद होत नाही.

पुढच्या सभेला मी काटा, माप आणि भिंग घेऊन येते. तुम्ही मात्र नाणी, माळा काही आणू नका. रस्त्यानं सोनं घेऊन यायचं नाही. मोबाईलमध्ये दोन्ही बाजूंचा फोटो आणा आणि ज्यांना जमेल त्यांनी सोनाराकडून वजन लिहून आणा. ज्यांच्याकडं चांदण्यांच्या गोलाची पुतळी निघेल त्यांनी मला आधी फोन करावा, मोडायला जायच्या आधी.